उकाईच्या पाण्यावर, बर्फाच्या टेम्पोची वाट बघत

प्रवासवर्णनं मी वाचली ती शाळेच्या पुस्तकात. ती लिहिणारी माणसं हिमालयात जातात, परदेशी जातात, हौसेने जातात. मी उधन्याला गाडीत बसलो आणि सोनगडला उतरलो, तेही भीतीने. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझ्या आधी आमच्याकडे कुणी चार ओळींच्या वर काही लिहिल्याचं मला माहीत नाही. तेव्हा हे लिहायला बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे, आणि त्याबद्दल वाचकांनी मला सांभाळून घ्यावं. लिहितो ते एवढ्यासाठी, की चौऱ्याण्णव सालच्या प्लेगच्या त्या दिवसांत सुरतेतून माणसं कशी पळाली याविषयी पुष्कळ छापून आलं. पळालेला माणूस जिथे पोहोचला तिथे त्याने दिवस कसे काढले, हे फारसं कुणी विचारलं नाही. मी ते मासे पकडत काढले.

उधना

आई आणि धाकटी बहीण गावी, शिरपूरकडे. सुरतेला लागून असलेल्या उधन्याच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो: आबा, मी आणि पूर्णो. आबा म्हणजे माझे वडील. ते लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, माग चालवतात. पूर्णो ओरिसाचा, आबांच्या शेजारच्या मागावरचा कारीगर, माझ्याहून थोडाच मोठा. भाडं वाटून घ्यायला म्हणून आला आणि घरचाच होऊन गेला. भात तो लावायचा, भाकरी आबा थापायचे.

आबांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. मागावर तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली की दोन टोकं चिमटीत धरून पापणी लवायच्या आत गाठ मारायची असते, आणि उरलेलं शेपूट दातांनी अगदी मुळाशी तोडायचं असतं. शेपूट राहिलं तर ते फणीत अडकतं आणि तार पुन्हा तुटते. आबा डावखुरे. त्यांची गाठ इतरांच्या उलट बाजूला वळलेली असते. खात्यातला मास्तर कापडाची मागची बाजू बघून सांगायचा, हा आबाचा माग. ती गाठ मी लहानपणीच शिकलो, पण उजव्या हाताने.

त्या दिवशी सकाळी गल्लीत निम्म्या खोल्यांना कुलपं होती. माणसं तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे धावत होती. औषधाच्या दुकानापुढे टेट्रासायक्लिनसाठी भांडणं चालली होती. आणि आमच्या खोलीत पूर्णो गोधडीत कुडकुडत पडला होता. ताप होता, खोकलाही होता.

"हा साधा ताप आहे," आबा म्हणाले. "सुरतेत ताप काय आज आला का?"

तेच पुढे म्हणाले, "तू निघ. पण घरी जायचं नाही. तुझ्या अंगात काही असेल तर आईला, बहिणीला द्यायचं नाही. उकाईला दौलतमामाकडे जा. चांगले पंधरा-वीस दिवस काढ तिथे."

"आणि तुम्ही?"

"ह्याला कुठे टाकू? ह्याचं गाव दोन दिवसांच्या गाडीवर. ह्याची भाषा बोलणारी सगळी पळाली."

मी म्हटलं, तुमची खुशाली मला कळणार कशी? आबांना लिहिता येत नाही, आणि लिहून देणारं गल्लीत कुणी उरलं नव्हतं. ते पूर्णोच्या कपाळावरच्या ओल्या फडक्याची घडी उलटी करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोघं राहिलो तर कळवतो."

त्यातला तो "तर" मी बरोबर घेऊन निघालो.

सोनगडच्या पुढे

गाडीतल्या गर्दीविषयी लिहीत नाही. सोनगडला उतरून पुढच्या गावाच्या जीपमध्ये बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, कुठून आलास? मी खरं सांगितलं. तिने मुलाला उचलून मांडीवर घेतलं आणि सगळी जीप माझ्यापासून सरकली. इतकी दाटी असताना माझ्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती. सुरतेत राहिलो म्हणून कुणी मला आजवर मोठं मानलं नव्हतं की लहान. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की गावाचं नावही अंगाला चिकटतं.

दौलतमामा म्हणजे आबांचे जुने जोडीदार, आमच्याच गावचे. वीस वर्षं माग चालवून त्यांचे कान गेले, तेव्हा ते सासुरवाडीला येऊन धरणात मासे मारू लागले. मी त्यांच्या झोपडीपुढे उभा राहिलो तेव्हा ते जाळं वाळत घालत होते.

"कोण रे?" ते ओरडले. त्यांना हळू बोलता येतच नाही.

"गोकुळ. आबांचा."

"तुना बाप कठे शे?" बाप कुठे आहे, असं ते आमच्या खानदेशी बोलीत विचारत होते.

मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं, मोठ्याने. तोवर आजूबाजूच्या झोपड्यांतली माणसं बाहेर आली होती आणि सगळ्यांनीच ऐकलं: सुरत, ताप, खोकला.

जमनामामी, म्हणजे मामांची बायको, आतून आली. तिची मराठी अर्धी गुजराती. "बेस ने, भाई. उभा काय राहिलास?" ती म्हणाली, आणि पाण्याचा लोटा आणून माझ्यापासून दहा पावलांवर दगडावर ठेवला. मी तो उचलला. ती लांबूनच हसली, आणि मला इतकं बरं वाटलं की रडू येईल असं झालं.

पाणी

ज्यांनी उकाईचं धरण पाहिलं नाही त्यांना कसं सांगावं? तापी मी सुरतेत पाहिली होती, पुलाखालची, गढूळ. इथे तीच नदी समुद्रासारखी पसरलेली, आणि समुद्र नव्हे म्हणून जास्त भीतीदायक. मधूनच वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. डोंगरांच्या फक्त माथ्यांची बेटं उरलेली. या पाण्याखाली गावं आहेत. मामीचं माहेर, म्हणजे तिचं पहिलं माहेर, तिथेच आहे. दुपारी ऊन भाजायचं, पण पहाटे पाण्यावर धुकं असायचं आणि अंगावर काटा यायचा. मामा म्हणाले, वरचं पाणी कोमट असलं तरी हात कोपरापर्यंत घाल, मग कळेल. मी घातला. खालून विहिरीसारखी थंडी येत होती.

मासे मारायची रीत अशी. संध्याकाळी होडी घेऊन जायचं आणि जाळं उभं सोडायचं, पाण्यात पडदा लावल्यासारखं. वर तरंगायला जुन्या चपलांचे तुकडे, खाली ओझ्याला दगड. पहाटे जाऊन ते उपसायचं. कटला, रोहू, मिशांचा शिंगाळा, आणि पाण्याबाहेर येताच चमकून विझणारी लहान पांढरी मासळी. बुडालेल्या गावांवर मासे जास्त मिळतात, कारण भिंतींच्या आडोशाला ते राहतात. पण जाळंही तिथेच फाटतं. मामा पाण्याकडे बघून सांगायचे, "आठे चिंच शे. तठे पाटलानी विहीर." मला नुसतं पाणी दिसायचं. माझ्या पायांखाली, होडीच्या फळीच्या खाली, एक विहीर आहे आणि ती पाण्याने भरून वर पुन्हा पाणीच आहे, हा विचार मला सहन होत नसे. मला पोहता येत नाही.

आणि एवढे मासे मारून उपयोग नव्हता. एरवी उधन्याहून व्यापाऱ्याचा टेम्पो बर्फ घेऊन यायचा आणि मासळी घेऊन जायचा. तो बंद झाला होता. मासे चिरून, मीठ लावून मामी कारवीच्या काठ्यांवर वाळवायची. वस्तीला टेम्पो हवा होता बर्फासाठी. मला हवा होता निरोपासाठी. दुसरं माणूस उधन्याहून इकडे यायचं कारणच नव्हतं. रोज दुपारी मी रस्त्याच्या वळणाकडे तोंड करून बसायचो.

जेवणात नागलीची भाकरी आणि माशाचा पातळ, आंबट रस्सा. आमच्याकडे रस्सा म्हणजे तेलाचा तवंग हवा, काळा मसाला हवा. मामी म्हणाली, "तुमच्या खानदेशी लोकांना मासा नाही लागत. मसाला खातात, मासा आत बुडून मरतो." मामांना हे ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

गाठ

काम केल्याशिवाय खायचं मला अवघड वाटे. जाळ्याला भोकं पडली होती. मामा ती शिवायला बसले तेव्हा मी पाहिलं, आणि चकितच झालो. जाळ्याची गाठ आणि मागावरची गाठ एकच! मी म्हटलं, मामा, हे मला येतं. त्यांनी जाळं माझ्याकडे सरकवलं आणि बिडी ओढत बघत बसले. मी भराभर गाठी मारल्या, शेपटं दातांनी मुळाशी तोडली. जाळं हातांवरून फिरवलं तर गाठ लागत नव्हती. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं. आबांनी पाहायला हवं होतं, असं मनात आलं, आणि लगेच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जाळं उपसायला गेलो. धुक्यात काठ दिसत नव्हता. जाळं जड लागत होतं. मामा हसायला लागले, "कटला शे, मोठा!" तो वर आला, माझ्या मांडीएवढा, काळसर पाठीचा. आणि माझ्या डोळ्यांदेखत जाळ्याचे डोळे एकामागून एक सुटत गेले. मी बांधलेली प्रत्येक गाठ सरकली. मासा त्या भगदाडातून सावकाश बाहेर निघाला. मी दोन्ही हातांनी झेप घेतली, त्याचा बुळबुळीत अंगठ्याएवढा स्पर्श झाला, आणि मी डोक्याकडून पाण्यात गेलो.

ते पाणी मला अजून आठवतं. वर उजेड होता, खाली काही नव्हतं. पायाला काहीतरी लागलं. फांदी असेल. मला वाटलं, घराचं आढं. मामांनी केस धरून ओढलं.

होडीत मी कुडकुडत बसलो तेव्हा मामा फाटलेलं जाळं निरखत होते. मला वाटलं आता शिव्या बसतील.

"पोऱ्या, हाई सूत नही. नायलॉन शे," ते म्हणाले. "नायलॉनला लाज नसते, एका गाठीत बसत नाही. दोनदा फिरवायचं आणि शेपूट लांब ठेवायचं." मग जाळं गुंडाळत म्हणाले, "मीबी पहिल्या वर्षी हेच केलं होतं. मागावरचा माणूस दुसरं काय करणार?"

बेट

संध्याकाळी मला ताप चढला. पहाटे खोकला आला.

मी तो गोधडीत तोंड घालून दाबला. पण झोपड्यांच्या भिंती कुडाच्या. सकाळी वस्तीतली चार-पाच माणसं अंगणात उभी राहिली. रागावलेली नव्हती, घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाशी बोलणं जास्त कठीण असतं. मामी म्हणत राहिली, पाण्यात पडला म्हणून ताप आहे. एक म्हातारा म्हणाला, "असेल, बाई. पण माझ्या घरात चार पोरं आहेत." आबांनी मला आईकडे जाऊ दिलं नव्हतं, त्यामागचं कारण हेच होतं.

मामांनी मला होडीतून समोरच्या बेटावर नेलं. तिथे मचाणासारखं एक छप्पर होतं, जाळी ठेवायचं. गोधडी, मडकं, आबांनी निघताना दिलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल. मामा फाटलेलं जाळंही टाकून गेले. "पडल्या पडल्या शिव," म्हणाले.

ताप आला की मी काखेत, मांडीच्या सांध्यात चाचपून बघायचो, गाठ आली का. वर्तमानपत्रात वाचलं होतं. आमच्या घरात इतर कुणी वर्तमानपत्र वाचत नाही आणि त्या दिवसांत मला वाटलं, मीही शिकलो नसतो तर बरं. खोकून थुंकलो की त्यात रक्त आहे का ते बघायचो. उजेडात बघायचो, मग सावलीत नेऊन पुन्हा बघायचो. आणि माझ्यात जे काही आहे ते पूर्णोत असणार, आणि पूर्णोत आहे ते आबांत. माझा ताप उतरला तर पूर्णोचाही साधाच असेल, असा एक हिशेब मी मनाशी धरला होता. म्हणजे मला स्वतःसाठीच बरं व्हायचं नव्हतं.

मामा सकाळ-संध्याकाळ होडी घेऊन येत. जेवण खडकावर ठेवायचे आणि होडी थोडी मागे घेऊन बोलायचे. बोलायचे म्हणजे ओरडायचे. मलाही ओरडावं लागे.

"ताप?"

"थोडा!"

"गाठ आली का?"

"नाही!"

"पोट साफ झालं?"

मी आजूबाजूला पाहिलं. पलीकडच्या होड्यांत माणसं जाळी उपसत होती.

"अरे कॉलेजवाल्या, पोट साफ झालं का?"

"झालं!" मी ओरडलो, आणि साऱ्या धरणातून हसू ऐकू आलं. त्या हसण्याने मला बरं वाटलं. मेलेल्या माणसाला असं कुणी हसत नाही.

"टेम्पो?" मी विचारायचो.

ते हात हलवायचे. नाही.

मी जाळं शिवत राहिलो. दोनदा फिरवायचं, शेपूट लांब ठेवायचं. बोटं सवयीने दातांकडे जायची, मी त्यांना आवरायचो.

सर्वपित्री

अमावस्येपर्यंत ताप गेला होता. खोकला होता, थोडा. त्या दिवशी मामीच्या माहेरची माणसं बुडालेल्या गावावर जातात. बोलावून जेवू घालायला घर राहिलेलं नाही, म्हणून पितरांचं पान तिथेच पाण्यावर सोडतात. आमच्याकडे कावळ्याला ठेवतात. इथे कावळा कुठून येणार, पाण्याच्या मध्यावर? वाटेत बेट लागत होतं म्हणून मामांनी मला होडीत घेतलं. अगदी टोकाला बसवलं.

वल्ही थांबली. मामीचे म्हातारे वडील उभे राहिले. त्यांनी पाण्यात बघत घरांची नावं घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू गल्लीतून चाललेत. खीर, भात, वडा वाढलेलं पान अलगद पाण्यावर ठेवलं. पान थोडं तरंगलं, मग खालून मासळी आली आणि ते हलायला लागलं. मग म्हाताऱ्यांनी लोट्यात काळे तीळ टाकले आणि तो होडीतल्या पुरुषांत फिरवला. एकेकाने ओंजळीने पाणी सोडलं. फिरत फिरत लोटा माझ्यापुढे आला.

"ले, बेटा," म्हातारे म्हणाले. त्यांना दिसत कमी होतं. मी कोण ते त्यांना ठाऊक नसावं.

ज्याचा बाप जिवंत आहे त्याने हे पाणी सोडायचं नसतं. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. दरवर्षी आबा सोडायचे आणि मी मागे उभा राहायचो. पण लोटा समोर होता, सगळे बघत होते, आणि मला नाही म्हणता येईना. नाही म्हणायला मला खात्री हवी होती. माझा हात उठला. कसा ते मला माहीत नाही.

"त्याचा बाप जित्ता शे!" मामा ओरडले. इतक्या मोठ्याने की पलीकडच्या डोंगरावरून ते परत ऐकू आलं. म्हाताऱ्यांनी लोटा मागे घेतला. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

परत बेटावर उतरताना मी मामांच्या कानाजवळ जाऊन विचारलं, "मामा, तुम्हाला काही कळलंय का?"

"मला कुठून कळणार?" ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला. "तू हात पुढे केलास म्हणून ओरडलो."

बर्फ

नवरात्र बसलं त्यानंतरची गोष्ट. मला काठावर येऊ दिलं होतं. मी मामांबरोबर मासे निवडत होतो तेव्हा वळणावर हॉर्न वाजला. वस्तीतली पोरं धावली. टेम्पो जुनाच, मागे ताडपत्रीखालून पाणी गळत होतं. ड्रायव्हर हरिभाई रुमाल बांधलेला, केबिनमधून खाली उतरायला तयार नाही. "अल्या, बरफ उतारो, पाणी थई जशे!"

बर्फाच्या लाद्या उतरल्या. मी निवडलेले मासेच पुन्हा निवडत राहिलो. शेवटी मामांनीच विचारलं, उधन्याहून काही?

हरिभाईने सीटमागून एक बोचकं काढलं आणि खिडकीतून खाली टाकलं. "गोकुळ कोण? उधना नाक्यावर एका माणसाने दिलं. आज सकाळी."

"कोणी? कसा होता माणूस?"

"कसा म्हणजे? रुमाल बांधलेला. मी पण बांधलेला. लांबून घेतलं, लांबून दिलं. चेहरा कोण बघतं, भाई?"

बोचकं आबांच्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं होतं. वरून माझी कॉलेजची पुस्तकं हाताला लागत होती. माणूस गेला की शेजारी त्याच्या खोलीतलं सामान असंच बांधून मुलाकडे पाठवतात. आमच्या गल्लीत मी ते पाहिलेलं आहे. मामी जवळ आली. तिने सोडायला हात लावला, मी तिला थांबवलं.

बोचक्याला मागावरचं सूत गुंडाळलं होतं आणि त्याला गाठ होती. मी ती उजेडाकडे धरली. शेपटं दातांनी मुळाशी तोडलेली. आणि गाठ उलट बाजूला वळलेली.

मी तिच्यावरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला. मामांनी वाकून पाहिलं. वीस वर्षं ते त्या हाताच्या शेजारच्या मागावर होते. त्यांनी माझ्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मासे भरायला निघून गेले.

पण पूर्णो? त्याचं नाव गाठीत कुठून दिसणार? बोचकं सोडलं तर पुस्तकांबरोबर माझा सदरा होता, धुतलेला. दुसरं काही नव्हतं.

टेम्पो भरला. हरिभाईने तो मागे घेतला, वळवला, आणि माझ्यापुढे आल्यावर ब्रेक मारला. रुमाल थोडा खाली केला.

"अरे हां, भूली गयो. तो माणूस बोलला, छोकऱ्याला सांग, दोघे आहोत. बस, येवढंच बोलला."